‘नॅग’ नेमका कुठे वापरायचा? भुणभुण, पिरपिर आणि कुरकुर इंग्रजीत नेताना

हिंजवडीत काम करणाऱ्या एका मुलानं क्लायंटला पाठवायच्या मेलचा मसुदा मला दाखवला. पहिलंच वाक्य होतं, ‘ॲज यू आर नॅगिंग अस सिन्स मंडे, वी आर शेअरिंग द रिपोर्ट टुडे.’ त्याला म्हणायचं होतं की तुम्ही सोमवारपासून विचारताय, तर हा घ्या अहवाल. समोरच्यानं वाचलं असतं ते असं: सोमवारपासून भुणभुण लावलीय, घ्या एकदाचा. मेल अजून गेला नव्हता म्हणून बरं.

त्याच आठवड्यात कोथरूडच्या एका ताईंनी उलटी चूक केली. ‘माय सन इज कम्प्लेनिंग मी फॉर मोबाइल.’ इथे खरोखर नॅग हवा होता, तर तो गायब!

पेठेतल्या एका खोलीत संध्याकाळी मी नोकरी करणाऱ्यांना आणि घर सांभाळणाऱ्यांना इंग्रजी शिकवते. या एका शब्दाची वही लाल शाईनं इतक्यांदा भरली आहे की सगळं क्रमानं लिहून काढलेलं बरं असं वाटलं. पायऱ्या गाळू नका. बहुतेकांची चूक व्याकरणात होत नाही, ती त्याआधी, शब्द निवडतानाच झालेली असते.

तयारी: इंग्रजी बाजूला ठेवा, मराठी वाक्य कागदावर लिहा

मनातल्या मनात भाषांतर करू नका. ज्या माणसाच्या बोलण्याबद्दल सांगायचंय, त्याच्याबद्दलचं वाक्य आधी मराठीत लिहा. मग त्याला चार प्रश्न विचारा. बोलतंय कोण? कोणाला? काही करून हवंय, की नुसती नाराजी आहे? आणि हे एकदाच झालं की परत परत?

नॅग लागू व्हायला यातली तीन उत्तरं ठरलेली असावी लागतात. समोर ऐकणारा ठरावीक माणूस हवा. त्याच्याकडून काहीतरी हवं असलं पाहिजे, किंवा त्याच्यातच खोड काढलेली असली पाहिजे. आणि हे पुन्हा पुन्हा व्हायला हवं. एकदा सांगितलं तर ते सांगणं झालं. पाचव्यांदा सांगितलं की नॅग.

अडचण अशी, की आपला ‘कटकट’ हा शब्द फार ढिला आहे. आई हेल्मेटवरून कटकट करते. पार्किंगची रोजची कटकट. शेजारचे काका पाण्यावरून कटकट करतात. बँकेचं काम झालं, कटकट मिटली. चार वाक्यांत चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि शब्दकोशात कटकटीपुढे नॅगिंग छापलेलं दिसलं, की विद्यार्थी चारही ठिकाणी तेच चिकटवतात.

म्हणून मी ‘मागे लागणे’ची कसोटी लावायला सांगते. कटकट काढा, त्या जागी ‘मागे लागणे’ घाला आणि वाक्य उभं राहतंय का बघा. ‘आई हेल्मेटसाठी मागे लागते’, उभं राहिलं, म्हणजे नॅग. ‘पार्किंग मागे लागतं’, छे. तिथे हॅसल किंवा न्यूसन्स म्हणा. बँकेच्या कामाचंही तेच. काकांचं वाक्य मात्र अर्धवट आहे. ते रोज सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठून टँकर मागवायला लावत असतील, तर ते त्यांना नॅग करतात. कट्ट्यावर बसून, कोणाकडूनही काही न मागता, पाण्याच्या नावानं बोटं मोडत असतील, तर तो ग्रम्बल. माणूस तोच, पाणीही तेच. ऐकणाऱ्याकडून काही मागितलंय की नाही, यावर शब्द ठरतो.

*तपासा:* तुमच्या वाक्यात ‘कोणाच्या मागे’ याचं उत्तर नसेल, तर नॅगच्या वाटेला जाऊ नका.

टप्पा 1: मराठी शब्दच चाळणी म्हणून वापरा

आपल्याकडे या कामासाठी शब्दांची चैन आहे. भुणभुण, पिरपिर, किरकिर, कुरकुर, धुसफूस, रडगाणं, तुणतुणं. मराठी माणूस यांत सहसा गोंधळत नाही. लहान मूल धुसफूस करतं असं कोणी म्हणत नाही आणि नाराज नगरसेवक पिरपिर करतात असंही बातमीत येत नाही. ही जाण तुमच्याकडे आधीच आहे, ती इंग्रजीत जाताना फेकून देऊ नका.

*भुणभुण* म्हणजे नॅग. डास कानाशी जे करतो तेच: लहान आवाज, तोच तो आवाज, आणि कान तुमचा.

*पिरपिर* आणि *रिरी करणं* म्हणजे व्हाईन. दाराबाहेर ठेवलेलं कुत्रं कुंई कुंई करतं त्यालाही इंग्रजीत हाच शब्द आहे. त्यामुळे यात आवाज महत्त्वाचा: लांबवलेला, नाकातून आलेला, केविलवाणा. पाच वर्षांचं पोर लक्ष्मी रोडच्या गर्दीत ‘पाय दुखतात, पाय दुखतात’ करतं ते व्हाईन. तेच पोर ‘फुगा घे, फुगा घे’ करत आईचा पदर ओढायला लागलं की नॅग झालं. एकाच फेरीत दोन्ही होऊ शकतं, याचा अनुभव पालकांना सांगायला नको.

*कुरकुर* म्हणजे ग्रम्बल. हलक्या, खालच्या आवाजातली नाराजी. काम करतो, पण कुरकुरत करतो. भुकेनं पोटात गुरगुरतं त्यालाही ग्रम्बल चालतं, म्हणजे आवाजाचा अंदाज येईल.

*खुसपट काढणं* म्हणजे कार्प किंवा निटपिक. निट म्हणजे उवेची लीख. एकेक लीख वेचून काढावी तसे दोष वेचणं. हा शब्द एकदा डोळ्यांसमोर आला की विसरत नाही.

*तुणतुणं वाजवणं* यासाठी हार्प ऑन. हार्प हेही तारांचं वाद्य, आणि एकाच तारेवर वाजवत राहणं ही त्यामागची कल्पना. तुणतुण्याला मुळात तार एकच! दोन भाषांनी एकमेकींना न विचारता तीच उपमा शोधली याचं मला अजूनही नवल वाटतं. ‘ही कीप्स हार्पिंग ऑन अबाउट हिज प्रमोशन’, म्हणजे प्रमोशनचं तेच तुणतुणं.

*रडगाणं* गाणाऱ्यासाठी ब्रिटिश मोन किंवा व्हिंज म्हणतात. व्हिंज अमेरिकेत फारसा चालत नाही, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात मात्र रोजचा.

*तगादा* पैशाचा असेल तर चेस बरा. ‘द सप्लायर इज चेसिंग अस फॉर पेमेंट.’ यात चिडचिड नाही, नुसता पाठपुरावा आहे.

आणि *तक्रार* म्हणजे कम्प्लेन. एकदाच केली तरी चालते, लेखी असू शकते आणि रास्त असू शकते. नॅगमध्ये रास्तपणाला जागाच नसते, कारण तो शब्द ऐकणाऱ्याच्या वैतागातून आलेला आहे. आईचं हेल्मेटबद्दलचं म्हणणं शंभर टक्के बरोबर असलं तरी तुम्ही नॅग म्हणालात की तुम्हाला त्याचा कंटाळा आलाय एवढंच कळतं.

जाता जाता: या भागात इंग्रजीचं प्राणिसंग्रहालयच आहे. नॅग म्हणजे थकलेलं घोडंही, कार्प हा मासा, ग्राउस म्हणजे कुरकुर आणि एक पक्षीही, बॅजर म्हणजे पिच्छा पुरवणं आणि बिळात राहणारा एक प्राणी, हाउंड हा शिकारी कुत्रा. बॅजर आणि हाउंड ही क्रियापदं थेट त्या प्राण्यांवरूनच आली. नॅगचा मात्र घोड्याशी संबंध नाही. मागे लागणारा नॅग स्कँडिनेव्हियन भाषांकडून आला आणि तिकडे त्याचा अर्थ कुरतडणं असा आहे. उंदीर कुरतडतो तसं. हा अर्थ लक्षात ठेवा, सातव्या टप्प्यात उपयोगी पडेल.

*सावधान:* पुण्यातल्या ऑफिसांत कुरकुरीला सर्रास ‘क्रिबिंग’ म्हणतात. ‘स्टॉप क्रिबिंग, यार.’ आपल्यात हे सगळ्यांना कळतं, बेंगळुरूतही कळतं. पण अमेरिकन माणसाच्या डोळ्यांसमोर क्रिब म्हटल्यावर बाळाची कठड्याची खाट येते, नाहीतर परीक्षेतली कॉपी. परदेशी टीमच्या कॉलवर हा शब्द टाळा.

टप्पा 2: तोंडात बसवा, मग हातात

‘बॅग’ म्हणता येत असेल तर ‘नॅग’ म्हणता येतो. नेग नाही, नैग नाही आणि नाग तर नाहीच. (रोमन लिपीत मराठी मेसेज टाइप करणाऱ्यांच्या नजरेला तीन अक्षरं आधी नागच दिसतात. ती सवय ओळखून असा.)

भूतकाळी रूप नॅग्ड, एका झटक्यात. नॅगेड असं दोन तुकड्यांत म्हणू नका. लिहिताना मूळ शब्दात जी एकदा, पण पुढे ईडी किंवा आयएनजी लागलं की जी दोनदा. दोन जी लिहिले तरी उच्चारात एकच ग येतो, शाळकरी जोर देऊन ‘नॅग-गिंग’ नको.

व्हाईन आणि द्राक्षांची वाईन बहुतेक इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी सारख्याच येतात, फरक संदर्भानं कळतो. व्हिंजच्या शेवटी ज येतो, आणि त्याला आयएनजी जोडताना मधला ई ठेवण्याची ब्रिटिश पद्धत आहे.

*सावधान, आणि हे गांभीर्यानं घ्या:* भुणभुण करणाऱ्या माणसासाठी नॅगला ‘अर’ जोडून शब्द बनवायचा मोह होतो, प्ले-प्लेअर, टीच-टीचर तसा. तो शब्द कोशात सापडतोही. पण उच्चारताना तो कृष्णवर्णीय लोकांसाठीच्या अत्यंत हीन शिवीच्या इतका जवळ जातो, की एखादा स्वर इकडचा तिकडे झाला तर माफी मागूनही भागणार नाही. तो वापरूच नका. माणसासाठी नुसतं ‘अ नॅग’ म्हणतात: ‘ही इज सच अ नॅग.’

टप्पा 3: वाक्याचे साचे

हा टप्पा घाईत उरकू नका. शब्द बरोबर निवडूनही लोक इथेच पडतात, आणि कारण मराठीत आहे. आपण भुणभुण ‘करतो’ किंवा ‘लावतो’, कोणाच्या तरी ‘मागे’. इंग्रजीत हे करणं, लावणं, मागे असणं सगळं त्या एका क्रियापदाच्या पोटात गेलेलं असतं.

त्यामुळे ‘कटकट करू नकोस’चं ‘डोन्ट डू नॅगिंग’ होत नाही. ‘डोन्ट नॅग’ किंवा ‘स्टॉप नॅगिंग’, संपलं. ‘ती माझ्या मागे लागते’ याचं ‘शी नॅग्ज बिहाइंड मी’ नाही आणि ‘शी नॅग्ज टू मी’ही नाही. माणूस थेट क्रियापदाला चिकटतो: ‘शी नॅग्ज मी.’ ‘टू मी’ची लागण कम्प्लेनवरून होते, कारण तक्रार कोणाकडे तरी नेली जाते. भुणभुण नेत नाहीत, ती त्या माणसावरच चालते.

आता एकच प्रसंग घेऊन साचे बघू. आई, मी आणि हेल्मेट.

‘माय मदर नॅग्ज मी टू वेअर अ हेल्मेट.’ काय करावं म्हणून मागे लागली, ते ‘टू’च्या पुढे. सगळ्यात जास्त उपयोगाचा साचा हाच. इथे ‘फॉर वेअरिंग’ म्हणालात तर अर्थ उलटा होतो: हेल्मेट घातलं म्हणून आई बोलते! आणि हीच चूक वह्यांत सगळ्यांत जास्त सापडते, कारण मराठीतलं ‘साठी’ ऐकलं की हात फॉरकडे जातो.

‘शी नॅग्ज मी अबाउट द हेल्मेट.’ विषय सांगायचा असेल तर अबाउट. मराठीतल्या ‘-वरून’ची जागा हा घेतो. हेल्मेटवरून, अभ्यासावरून, उशिरा येण्यावरून.

‘द किड्स आर नॅगिंग मी फॉर अ डॉग.’ एखादी वस्तू मागत असतील तर मात्र फॉर चालतो. फॉरच्या पुढे वस्तू, टूच्या पुढे क्रिया. कोथरूडच्या ताईंचं वाक्य इथे दुरुस्त होतं: ‘माय सन इज नॅगिंग मी फॉर अ मोबाइल.’ मोबाइलच्या आधीचा ‘अ’ गाळू नका, वस्तू मोजता येणारी आहे.

‘स्टॉप नॅगिंग ॲट मी!’ ॲट आला की मागणीपेक्षा टोचून बोलणं पुढे येतं. भांडणात हा ऐकू येतो.

‘शी नॅग्ड मी इंटू बायिंग अ हेल्मेट.’ हा साचा शिकवला की वर्गात नेहमी दोघं-तिघं हसतात, कारण हे घरोघरी घडलेलं असतं. इंटू म्हणजे भुणभुण फळाला आली, हेल्मेट घेतलं गेलं. ‘शी नॅग्ड मी टू बाय अ हेल्मेट’ यात घेतलं की नाही हे कळत नाही. ती मागे लागली होती, एवढंच कळतं. निकाल सांगायचा असेल तर इंटू वापरा, आणि त्यानंतर क्रियापदाला आयएनजी लावा.

*तपासा:* वाक्यात ‘नॅग ऑन मी’, ‘नॅग टू मी’, ‘गिव्ह नॅगिंग’ किंवा ‘डू नॅगिंग’ यांपैकी काही दिसलं, तर ते खोडून पहिल्या साच्यापासून पुन्हा सुरुवात करा.

कम्प्लेनचे साचे वेगळे आहेत, पण ते इथेच उरकू, कारण दोन्हींची सरमिसळ होते. कम्प्लेन टू (कोणाकडे) अबाउट (कशाबद्दल). दुखण्याबद्दल असेल तर ऑफ: ‘ही कम्प्लेन्ड ऑफ चेस्ट पेन.’ दवाखान्याच्या केसपेपरवर डॉक्टर सी, तिरपी रेघ आणि ओ लिहितात ते हेच, कम्प्लेन्स ऑफ. पाकिटावर तेच अक्षर केअर ऑफ होतं, त्यामुळे घाबरू नका. आणि कम्प्लेन हे क्रियापद, कम्प्लेंट हे नाम. ‘मला कम्प्लेन द्यायचीय’ मराठीत बोलताना खपून जातं, इंग्रजीत ‘आय वॉन्ट टू मेक अ कम्प्लेंट’. स्पेलिंग नीट बघा: शेवटची अक्षरं ए, आय, एन, टी. आय आणि ए यांची अदलाबदल झाली की कम्प्लायंट होतं, म्हणजे नियम पाळणारा. स्पेलचेक ते पकडत नाही, कारण शब्द खराच आहे. सोसायटीच्या नोटिसांत ‘वॉटर कम्प्लायंट’ मी एकदा नाही, अनेकदा वाचलंय.

टप्पा 4: ‘सकाळपासून’ आलं की थांबा

भुणभुण ही चालू राहणारी गोष्ट. त्यामुळे वाक्यात ‘सकाळपासून’, ‘सोमवारपासून’, ‘दोन दिवस झाले’ हटकून येतं. मराठीत आपण ‘सकाळपासून मागे लागलाय’ म्हणतो आणि तसंच ‘ही इज नॅगिंग मी सिन्स मॉर्निंग’ लिहितो. प्रमाण इंग्रजीत ‘पासून’ आला की ‘इज’ पुरत नाही. ‘ही हॅज बीन नॅगिंग मी सिन्स दिस मॉर्निंग.’

सिन्सपुढे सुरुवातीचा क्षण येतो, जसं सकाळ, सोमवार, गणपती. फॉरपुढे कालावधी, जसं दोन तास, तीन दिवस. ‘सिन्स टू डेज’ हे खास आपलं आहे, ते इथेच ठेवावं.

नेहमीची सवय सांगायची असेल तर साधा वर्तमानकाळ. ‘शी नॅग्ज मी एव्हरी मॉर्निंग.’ सवयीबरोबर वैतागही दाखवायचा असेल तर ‘शी इज ऑलवेज नॅगिंग मी’ म्हणतात. इथे ‘इज’ चालतो, कारण ‘पासून’ नाही.

टप्पा 5: कोणी कोणाला म्हणायचं

स्वतःबद्दल म्हणायला काही हरकत नाही. ‘आय डोन्ट वॉन्ट टू नॅग, बट हॅव यू कॉल्ड द प्लंबर?’ यात नम्रता आहे, थोडं हसूही आहे. मित्रांत, भावंडांत चालतं.

वरिष्ठाबद्दल, ग्राहकाबद्दल, शिक्षकांबद्दल लेखी कधीही नको. तोंडी म्हणालात तर कोण ऐकतंय ते बघून.

बायकांबद्दल वापरताना दोनदा थांबा. हा शब्द परंपरेनं बायको, आई, सासू यांच्याच माथी मारला गेलाय, विनोदांतही तेच. आज इंग्रजी बोलणाऱ्या अनेकांना त्यातला आकस लगेच जाणवतो. माझी साधी चाचणी अशी: जे काम बाईंनी केल्यावर तुम्ही नॅग म्हणताय, तेच एखाद्या साहेबांनी केलं असतं तर काय म्हणाला असता? ‘फॉलो-अप घेतात’? मग बाईही फॉलो-अपच घेतायत.

आईच्या बाबतीत हा नियम मी वर्गात सैल सोडते. तिथे प्रेम गृहीत असतं, आणि हेल्मेटबद्दल तिचंच बरोबर असतं.

टप्पा 6: ऑफिसच्या मेलमध्ये नॅगला पर्याय

मेलमध्ये दोन परिस्थिती येतात. तुम्ही मागे लागलाय, किंवा कोणीतरी तुमच्या.

तुम्ही मागे लागला असाल तर ‘फॉलोइंग अप ऑन’, ‘जस्ट चेकिंग इन ऑन’, ‘अ रिमाइंडर दॅट’. ‘जेंटल रिमाइंडर’ आपल्याकडे इतका वापरून झालाय की त्यातला जेंटल आता ऐकूच येत नाही, चौथ्या वेळेला तर तो धमकीसारखा वाटतो. त्याऐवजी तारीख घाला. ‘कुड यू सेंड दिस बाय थर्सडे?’ यात विनंतीही आहे आणि मुदतही, भुणभुण नाही.

कोणी तुमच्या मागे लागलं असेल तर त्याच्या विचारण्याला नाव ठेवू नका, उशिराची जबाबदारी घ्या. सुरुवातीच्या त्या मुलाचं वाक्य आम्ही तीनदा फिरवलं. आधी त्यानं नॅगिंगच्या जागी ‘आस्किंग’ घातलं, पण ‘ॲज यू आर आस्किंग सिन्स मंडे’ यात काळ चुकलेलाच होता. मग ‘ॲज यू हॅव बीन आस्किंग सिन्स मंडे’ केलं. व्याकरण सुधारलं, पण आवाज अजून वैतागलेलाच. शेवटी सोमवारच काढून टाकला: ‘थँक यू फॉर युअर पेशन्स. प्लीज फाइंड द रिपोर्ट अटॅच्ड.’ त्याची एकच शंका होती, पेशन्स कुठे होता त्यांच्याकडे? नव्हता. तरी तसंच लिहायचं.

*सावधान:* सहकाऱ्याबद्दल वैतागून लिहिलेला मेल पाठवण्याआधी कोणाकोणाला कॉपी जातेय ते बघा. ‘नॅगिंग’ हा शब्द फॉरवर्ड होत होत त्याच माणसापर्यंत पोहोचतो.

टप्पा 7: मागे लागणारं माणूस नसतं तेव्हा

इथे कुरतडण्याचा अर्थ कामाला येतो. काही दुखणी आणि काही विचारही माणसाला कुरतडत राहतात.

‘अ नॅगिंग पेन’ म्हणजे बारीक, सतत राहणारं दुखणं. जीव जात नाही, पण विसरताही येत नाही. दाढ ठणकत असेल, घाव घातल्यासारखी, तर नॅगिंग म्हणू नका, तो थ्रॉबिंग. दंतवैद्याकडे गेल्यावर हा फरक सांगता आला तर त्यांनाही बरं पडतं.

‘अ नॅगिंग डाउट’ म्हणजे मनात पाल चुकचुकणं. घराला कुलूप लावलं होतं ना, हा स्वारगेटला बस सुटल्यावर येणारा विचार. ‘समथिंग वॉज नॅगिंग ॲट मी ऑल द वे टू सातारा.’ इथे ॲट लागतो. आणि जी गोष्ट करायची राहून गेली तिची रुखरुख किंवा चुटपुट असेल तर ‘अ नॅगिंग रिग्रेट’. हुरहुर मात्र यात बसत नाही. हुरहुरीत गोडवा असतो, कुरतडणं नसतं.

संगणकवाल्यांचा ‘नॅग स्क्रीन’ही यातलाच: विकत घ्या, विकत घ्या म्हणत सारखी उघडणारी खिडकी. फाइल दाबून लहान करणाऱ्या विनरार या प्रोग्रॅमची 40 दिवसांची चाचणी संपल्यावर ती खिडकी वर्षानुवर्षं बंद करत आलेले लोक माझ्या ओळखीचे आहेत. जाहिरातवाल्यांचा ‘नॅग फॅक्टर’ म्हणजे मुलांनी आईबापांमागे लागून वस्तू घ्यायला लावणं. तुळशीबागेतून जाताना तो फुकट बघायला मिळतो.

*तपासा:* नॅगिंग हे विशेषण दुखणं, शंका, भीती, जाणीव यांना लागतं. आवाजाला, पावसाला, ट्रॅफिकला लावू नका. पाऊस कुरतडत नाही.

टप्पा 8: पाच वाक्यं करून बघा

कागदावर आधी स्वतः लिहा, मग पुढे वाचा.

एक, ‘मुलं रविवारपासून सिंहगडला जाऊया म्हणून मागे लागलीयत.’
दोन, ‘आमच्या सोसायटीत लिफ्टवरून सगळे कुरकुरतात, पण मीटिंगला कोणी येत नाही.’
तीन, ‘सासूबाई माझ्या पोळ्यांतून खुसपट काढतात.’
चार, ‘बाबांनी मागे लागून लागून मला शेवटी विमा काढायला लावला.’
पाच, ‘गुडघा गेला महिनाभर बारीक दुखतोय.’

पहिल्यात ‘पासून’ आहे आणि पुढे क्रिया आहे: ‘द किड्स हॅव बीन नॅगिंग अस टू गो टू सिंहगड सिन्स संडे.’ ‘फॉर सिंहगड’ लिहिलं असेल तर तिसरा टप्पा परत वाचा. दुसऱ्यात कोणाकडून काही मागितलेलं नाही, म्हणून नॅग नाही: ‘एव्हरीवन ग्रम्बल्स अबाउट द लिफ्ट, बट नोबडी कम्स टू द मीटिंग.’ तिसऱ्याला ‘माय मदर-इन-लॉ कार्प्स अबाउट माय चपातीज’ किंवा सौम्य करायचं तर निटपिक्स. नॅग लिहिला असेल तर पूर्ण चूक नाही, कारण सतत दोष काढणं हा त्याचाही अर्थ आहे. पण खुसपटातली बारकाई त्यात येत नाही. चौथ्यात विमा निघालाय, म्हणून इंटू: ‘माय फादर नॅग्ड मी इंटू बायिंग इन्शुरन्स.’ इथे इन्शुरन्सच्या आधी ‘अन’ नको. पाचव्याचं उत्तर ‘आय हॅव हॅड अ नॅगिंग पेन इन माय नी फॉर अ मंथ’, आणि महिना झाला असेल तर हे वाक्य वहीत ठेवू नका, डॉक्टरांना म्हणून दाखवा.